जीभ आळशी असते का?

अनोळखी चिनी चिन्हाचा उच्चार शब्दकोशात सांगायचा कसा? आपल्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही. देवनागरीत लिहिणं म्हणजेच उच्चार सांगणं, असं निदान शाळेत तरी आपण शिकलेलो असतो. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अख्खं अक्षर. त्यातलं व्यंजन कुठे संपतं आणि स्वर कुठे सुरू होतो, हे चिन्हाकडे बघून कळत नाही. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच तिथल्या पंडितांनी यावर एक युक्ती काढली. तिचं नाव फानछिए. दोन ओळखीची चिन्हं घ्यायची. पहिल्याचं सुरुवातीचं व्यंजन उचलायचं, दुसऱ्याचं सुरुवातीचं व्यंजन टाकून उरलेलं सगळं उचलायचं, अगदी त्याच्या सुरासकट, आणि दोन्ही जोडायचं.

१००८ सालच्या 'ग्वांगयुन' या कोशात 'पूर्व दिशा' या चिन्हाचा उच्चार 'सद्गुण' आणि 'लाल' या दोन चिन्हांनी दिलेला आहे. आजच्या बीजिंगच्या बोलीत सद्गुण म्हणजे 'तअ' आणि लाल म्हणजे 'हुंग'. पहिल्यातला त, दुसऱ्यातला उंग; बेरीज 'तुंग'. आपण लहानपणापासून ऐकलेल्या माओ त्से-तुंग या नावातला तुंग तो हाच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन इनपुट, एक आउटपुट आणि मध्ये साधी बेरीज, असं काही दिसलं की आम्हाला बरं वाटतं. हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं फंक्शन आजही चालतंय, ही गोष्ट तर फारच सुखाची. पण ते खरोखर चालवून पाहिलं की एक बग निघतो. मँडरिनमध्ये 'लाल' हा शब्द चढत्या सुरात म्हणतात. सूत्राप्रमाणे 'पूर्व'चा तुंगही चढता यायला हवा. प्रत्यक्षात तो उंच आणि सपाट आहे. चढत्या सुरातला तुंग असा वापरातला शब्दच मँडरिनमध्ये नाही.

हा बग समजून घेताना मी एका प्रश्नापाशी पोचलो, आणि तो भाषाशास्त्राचा कमी आणि नीतीचा जास्त आहे. म्हणून हा लेख.

*

कोश तयार झाला तेव्हा सूत्र बरोबरच होतं. त्या काळी 'पूर्व' आणि 'लाल' दोन्ही एकाच सुरात म्हणत. फरक व्यंजनांत होता. 'पूर्व'मधला त अघोष होता, 'लाल'मधला ह आपल्या मराठी ह सारखा घोष. घोष व्यंजन उच्चारताना स्वरतंतू जरा सैल असतात, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा स्वर किंचित खालून सुरू होतो. आपल्या 'दा' आणि 'था' मध्येही हे घडतं. कानाला जाणवत नाही, मोजणीच्या यंत्रात दिसतं. चिनी भाषांत हा किंचितसा फरक पिढ्यानपिढ्या वाढत गेला. घोष व्यंजनांमागचे स्वर एका वाटेनं गेले, अघोष व्यंजनांमागचे दुसऱ्या. मग बीजिंगकडे आणि कँटनकडेही ब, द, ग ही घोष व्यंजनं गेली. व्यंजन गेलं, पण त्यानं शेजारच्या स्वराला दिलेला सूर राहिला.

सर्वांत स्वच्छ उदाहरण 'थुंग'चं आहे. बीजिंगमध्ये उंच सपाट सुरातला थुंग म्हणजे 'आरपार जाणं', चढत्या सुरातला थुंग म्हणजे 'सारखा, समान'. जुन्या चिनीत दुसरा शब्द द ने सुरू होत असे. शांघायच्या वू बोलीत तो आजही घोष आहे. पंजाबी ऐकणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही: पंजाबी माणूस 'घोडा' म्हणतो तेव्हा आपल्याला जवळजवळ 'कोडा' ऐकू येतं. तिथला घ गेला, आणि जाताना सुराला खाली ओढून गेला.

म्हणजे फानछिएचं गृहीतकच ठिसूळ होतं. अक्षराचे दोन तुकडे करता येतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो, हे ते गृहीतक. सूर दुसऱ्या तुकड्याच्या मालकीचा समजला गेला होता. पहिल्या तुकड्यानं त्याचे दोन भाग केले.

स्वर आणि व्यंजन एकमेकांना कसे घडवतात, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. थ्येन-आन-मन चौकाचं नाव घ्या. १९५८ साली चीननं स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनात पहिल्या दोन अक्षरांत एकच 'आ' लिहितात. पण पहिल्या अक्षरात त्याच्या आधी इ आहे आणि नंतर न. दोन्हींसाठी जीभ पुढे आणि वर जाते, आणि मधल्या 'आ'ला तोंड उघडायला वेळच उरत नाही. तो 'ए'कडे सरकतो. दुसऱ्या अक्षरात आधी इ नाही, म्हणून तो आ राहतो. थांग राजवंशाच्या नावात पुढे ङ असल्यामुळे तोच आ घशाकडे जातो. लिहिताना एक, बोलताना तीन, आणि बोलणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, एकच तर आहे.

कधी स्वर व्यंजनाला बदलतो. बीजिंगला आपले वडीलधारे 'पेकिंग' म्हणायचे. तो परदेशी लोकांचा वेडावाकडा उच्चार नव्हता, जुन्या उच्चाराची ती खूण आहे. राजधानी या अर्थाचा शब्द पूर्वी 'किंग' होता. इ म्हणायला जीभ टाळूकडे उचलावी लागते. क म्हणतानाच ती तयारी सुरू होते, आणि हळूहळू क चा च होतो. आज बीजिंगचे लोक आपल्या गावाला पेइ-चिंग म्हणतात. कँटोनीजमध्ये मात्र तो शब्द अजून 'किंग'च आहे. याच ओढीनं मँडरिनमध्ये इ पुढे असताना स आणि ह दोघेही 'श' झाले. 'पश्चिम' म्हणजे शी आणि 'आशा' म्हणजेही शी, दोन्ही एकाच सुरात. कँटोनीजमध्ये ते अजून वेगळे आहेत: पश्चिम म्हणजे साय, आशा म्हणजे हेय. हे दोन वर्ग वेगळे ओळखता यावेत म्हणून चीनमध्ये एक पुस्तकच लिहिलं गेलं. त्याची प्रस्तावना १७४३ सालची आहे. पेकिंग ऑपेराचे गायक आजही तो फरक घोकून शिकतात.

आपण हे सगळं रोज करतो. पैसा, पण पैशाला. घसा, पण घशात. म्हैस, पण म्हशी. 'त्याचा' मधला च दातांपाशी आणि 'त्याची' मधला च टाळूपाशी. 'माझा' आणि 'माझी' म्हणून पाहा. झ एकच लिहितो, जीभ दोन ठिकाणी जाते. कुणी शिकवलेलं नसतं आणि कुणी चुकतही नाही. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला मात्र हे वर्षभर छळतं.

*

माझं काम उच्चार तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. भाषा शिकणारा माणूस फोनसमोर वाक्य म्हणतो आणि यंत्र त्याला शंभरापैकी गुण देतं. आधी इंग्रजी होतं, मग मँडरिन आलं, नंतर कँटोनीज. यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसांनी हजारो ध्वनिमुद्रणं ऐकून खुणा कराव्या लागतात. त्या खुणांच्या तक्त्यात एक रकाना होता: 'चूक'. कँटोनीजच्या खुणा करणाऱ्यांत हाँगकाँगची एक विशीतली मुलगी होती. एका कॉलमध्ये तिनं शांतपणे विचारलं, "या नियमांप्रमाणे माझं रोजचं बोलणंही चूकच आहे. तसंच लिहायचं का?"

ती ज्याबद्दल बोलत होती त्याला हाँगकाँगमध्ये 'लान यम' म्हणतात. शब्दशः अर्थ, आळशी उच्चार. 'तू' या शब्दाचा पुस्तकी उच्चार नेइ. तरुण मंडळी आणि आता त्यांचे आईवडीलही लेइ म्हणतात. 'मी' या शब्दाचा पुस्तकी उच्चार ङॉ; क ख ग घ म्हणून झाल्यावर ज्याच्यापाशी आपण सगळेच अडखळतो, तो ङ. बरेच जण नुसतं ऑ म्हणतात. 'देश' म्हणजे क्वॉक. त्याचं कॉक होतं. ग्वांगडाँग प्रांताच्या नावातल्या पहिल्या शब्दाचा कँटोनीज उच्चार क्वॉंग. त्याचं कॉंग होतं, आणि मग तो हाँगकाँगमधल्या 'काँग'शी, म्हणजे बंदर या शब्दाशी, तंतोतंत जुळतो.

शिक्षक आणि पालक यावर वैतागतात. तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीतले अभ्यासक रिचर्ड हो यांनी शुद्ध उच्चारांची मोहीमच चालवली. शुद्ध काय हे ठरवायला त्यांनी आधार घेतला तो १००८ सालच्या त्याच 'ग्वांगयुन'चा. 'वेळ' या अर्थाच्या 'सी-कान' या रोजच्या शब्दात सगळं शहर 'कान' मधल्या सुरात म्हणतं. कोशानुसार तो उंच सुरात हवा, असा त्यांचा आग्रह होता. काही काळ वृत्तनिवेदकांनी तो पाळलाही. सामान्य प्रेक्षकाला आपल्याच घड्याळाचा शब्द परका वाटू लागला, आणि त्यावर बराच वाद झाला.

'चूक' या रकान्याबद्दल मला आक्षेप नव्हता. यंत्राला काहीतरी कसोटी लागतेच. पण 'आळशी' हा शब्द मला खटकला, कारण तो उच्चाराबद्दल नाही, माणसाबद्दल बोलतो. कुणाला आळशी म्हणणं म्हणजे त्याला करता येत होतं, करायला हवं होतं, आणि त्यानं केलं नाही, असं म्हणणं. हा आरोप आहे. आरोपाला पुरावा लागतो.

पुरावा तपासू. क्वॉक म्हणताना व साठी ओठ गोल होतात, आणि पुढच्या ऑ साठीही गोलच लागतात. ऐकणाऱ्याला व कुठे संपला आणि ऑ कुठे सुरू झाला, हे वेगळं ऐकू येणं अवघड. म्हणून व त्या स्वरात विरघळतो. पण कँटोनीजमध्ये 'क्वा' असाही शब्द आहे, भोपळा-कलिंगडाच्या जातीच्या फळांसाठी. तिथे पुढे आ आहे, ओठ उघडे. क्वॉक ला कॉक म्हणणारा तोच तरुण क्वा अगदी स्वच्छ म्हणतो. जीभ किंवा ओठ आळशी असते, तर व दोन्हीकडे गळायला हवा होता. तो फक्त तिथे गळतो जिथे शेजारी त्याचं काम आधीच करतोय.

'मी'चा ङ घ्या. कँटोनीजमध्ये ङ ने सुरू होणारे शब्द बहुतेक करून खालच्या सुरांत असतात, आणि मुळात स्वराने सुरू होणारे शब्द वरच्या सुरांत. कारण तेच, व्यंजनानं स्वराला दिलेली उंची. 'मी' खालून चढणाऱ्या सुरात आहे. तरुण मुलगा ङ सोडून नुसतं ऑ म्हणतो, तेव्हाही सूर खालचाच ठेवतो. ङ कुठे होता, हे त्याच्या तोंडात नोंदलेलं असतं. फक्त नोंद व्यंजनात नाही, स्वरात आहे. शिक्षकांच्या धाकानं काही जण उलट टोकाला जातात आणि 'प्रेम' या शब्दाला, जो कोशाप्रमाणे ऑय आहे, ङॉय म्हणतात. शुद्ध बोलायच्या भीतीतून एक नवा ङ जन्माला येतो.

एका जागी मात्र नुकसान खरं आहे. न चा ल झाल्यावर 'पुरुष' म्हणजे नाम आणि 'निळा' म्हणजे लाम हे एकच होतात, सुरासकट. इथे कुठल्याही शेजाऱ्यानं भार उचललेला नाही, निदान त्या अक्षरात. पण बोलणारा नुसतं 'लाम' म्हणून थांबत नाही. तो 'पुरुष-माणूस' म्हणतो, 'निळा-रंग' म्हणतो. भार अक्षराबाहेर, पुढच्या शब्दावर जातो. मँडरिनमध्ये इतके दोन-दोन अक्षरी शब्द का आहेत, याचं एक कारण हेच असावं, असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत.

*

आता ज्या कोशाच्या नावानं तरुणांना आळशी म्हणायचं, त्या कोशाकडे बघू. 'ग्वांगयुन' हा ६०१ सालच्या 'छिएयुन' या कोशाचा वाढवलेला अवतार. 'छिएयुन'चा कर्ता लू फायेन याच्या प्रस्तावनेत मित्रांच्या एका बैठकीचा उल्लेख आहे. उत्तरेचे उच्चार, दक्षिणेचे उच्चार, जुने-नवे, यावर त्यांनी खल केला. बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यात नोंदलेली भाषा कुठल्याही एका गावात जशीच्या तशी बोलली जात नसावी. ती तडजोड होती. आणि त्या तडजोडीनंतर कँटोनीजनं किती काही सोडलं! ब, द, ग सगळे गेले. नेइ चं लेइ होण्याच्या मानानं हा बदल केवढा तरी मोठा. पण त्याला कुणी आळस म्हणत नाही, कारण तो आजोबांच्या आजोबांनी केला होता. घड्याळ नेमकं आपल्या लहानपणापाशी थांबवायचं, आणि त्यानंतर आलेल्यांना आळशी म्हणायचं, अशी ही रीत आहे.

आपल्याकडून तिकडे गेलेला एक शब्द याची साक्ष देतो. 'बुद्ध' हे नाव चिनीत पोचलं, आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वी त्याच्या चिन्हाचा उच्चार साधारण 'ब्युत्' असा होता. पुढच्या गोल ओठांच्या स्वरामुळे ब चा फ झाला, दातओठांचा. बीजिंगमध्ये शेवटचा त्ही गेला, उरला 'फो'. कँटोनीजमध्ये 'फत्' आहे: त् राहिला, ब चा घोष गेला, पण सूर अगदी खालचा, घोष व्यंजनाची आठवण म्हणून. जपाननं तोच शब्द आधी उचलला होता, तिथे 'बुत्सु'. व्हिएतनामीत तर दोन्ही आहेत, जुना 'बुत' आणि नंतरचा 'फत'. फो म्हणणाऱ्या भिक्षूला कुणी म्हणालं आहे का, की तुझा बुद्ध अशुद्ध आहे?

आणि ज्या वर्णमालेत सगळे उच्चार नेटके रकान्यांत बसतात, ती आपलीच. थांग-सोंग काळातल्या पंडितांनी चिनी व्यंजनांचे तक्ते केले. ओठ, जीभ, दाढा, दात, कंठ अशी स्थानं आणि प्रत्येकात अघोष, महाप्राण, घोष, अनुनासिक असा क्रम. प, फ, ब, म. बौद्ध भिक्षूंसोबत गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा तो प्रभाव होता. परंपरा या तक्त्यांचं श्रेय शोवन नावाच्या भिक्षूला देते. पण ज्यांनी रकाने केले, त्यांनीच संधीचे नियमही केले. वाक् + ईश = वागीश. जगत् + ईश = जगदीश. पुढे स्वर आला म्हणून क चा ग, त चा द. शाळेत याला आपण पैकीच्या पैकी गुण घेतले. संस्कृतात 'कृ'चं 'चकार' आणि 'गम्'चं 'जगाम' का होतं, याचं उत्तरही बीजिंगच्या किंग-चिंगसारखंच आहे. त्या पहिल्या अक्षरात फार पूर्वी 'ए' होता, त्यानं क चा च केला, आणि मग तो स्वतःच 'अ' झाला. १८७० च्या दशकात युरोपातल्या अभ्यासकांनी हे उलगडलं. कारण नाहीसं झालं, परिणाम राहिला.

मग पाणी. संस्कृत 'पानीय' मध्ये न आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेला तो न प्राकृतात ण झाला आणि आपल्याला पाणी मिळालं. 'जन'चा 'जण' झाला तोही असाच. म्हणजे जो ण आज शुद्धतेची खूण आहे, तो स्वतः शेजाऱ्यांनी बदललेला न आहे. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत मराठवाड्यातला एक मुलगा होता. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. तो 'पानी' म्हणायचा, 'आनि' म्हणायचा. मेसमध्ये त्याच्या वाक्यांची नक्कल व्हायची. त्यानं स्वतःला सुधारायला घेतलं, आणि काही दिवसांनी 'मन'चं 'मण' करायला लागला. हाँगकाँगच्या ङॉय सारखंच. त्यावर दुप्पट हसू झालं. तिसऱ्या वर्षापर्यंत तो वर्गात बोलायचा थांबला होता. कॉलेजनं घेतलेल्या सराव मुलाखतीत त्याच्या कागदावर 'बोलण्यात आत्मविश्वास नाही' असा शेरा आला. तो आत्मविश्वास कुठे गेला, हे विचारायला त्या कागदावर रकाना नव्हता.

*

दुसरी बाजू हलकी नाही. प्रमाण उच्चार नसेल तर सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात माणसं एकमेकांशी बोलणार कशी? चीननं १९५० च्या दशकात बीजिंगचा उच्चार प्रमाण ठरवला आणि १९९४ पासून त्याची परीक्षा सुरू केली. शंभरापैकी ९७ च्या वर गुण म्हणजे सर्वोच्च श्रेणी. शिक्षकाला साधारण ८० तरी लागतात. दक्षिणेतल्या ज्या बोलींत स आणि श यांत फरक नाही, तिथल्या माणसाचा 'चार' आणि 'दहा' या आकड्यांतच घोटाळा होतो. बाजारात हे महागात पडू शकतं. हे शिकवणारा शिक्षक त्याचं भलंच करत असतो.

हाँगकाँगच्या शुद्धतावाद्यांचीही एक खरी भीती आहे. सिंगापूरमध्ये १९७९ साली सरकारनं 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली आणि दोन-तीन पिढ्यांत घरोघरच्या दक्षिणी बोली मागे पडल्या. तैवानमध्ये अनेक वर्षं शाळेत घरची बोली बोलणाऱ्या मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवली जायची. २०१० च्या जुलैत ग्वांगझोऊमध्ये लोक रस्त्यावर आले, कारण स्थानिक टीव्हीवरचं कँटोनीज कमी करण्याचा प्रस्ताव होता. आपली भाषाच जाईल की काय असं वाटणाऱ्या माणसानं तिचा एकेक ध्वनी मुठीत धरून ठेवणं मी समजू शकतो. फक्त मला वाटतं, भाषा ङ गळल्यानं मरत नाही. ज्या पोराला तोंड उघडलं की टोकलं जातं, ते पोर दुसऱ्या भाषेत तोंड उघडायला शिकतं. भाषा मरायची सुरुवात तिथून होते.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. 'अमुक ठिकाणी बोलायचं असेल तर हा उच्चार शीक, उपयोग होईल' हा सल्ला आहे. 'तू असं बोलतोस म्हणजे तू आळशी, अडाणी' हा निवाडा आहे. सल्ला देणाऱ्याला प्रमाण उच्चार माहीत असला की पुरतं. निवाडा देणाऱ्याला मात्र आपला स्वतःचा उच्चार कुठून आला, हे विसरावं लागतं.

या निवाड्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते, आणि ती मला माझ्या धंद्यानं शिकवली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत आल्विन लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दी' आणि 'दू' मधला द शोधायचा प्रयत्न केला. ध्वनीच्या आलेखात दोन्हीकडचा द दिसायला निराळा निघाला. एकात एक पट्टी वर चढते, दुसऱ्यात तीच खाली उतरते. स्वर काढून टाकून नुसता तो तुकडा ऐकवला, तर लोकांना द ऐकूच आला नाही, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखं काहीतरी ऐकू आलं. म्हणजे शुद्ध, एकटा, शेजाऱ्यांचा वास न लागलेला द हवेत कुठेच नसतो. तो आपण ऐकताना बनवतो. पुढच्या स्वराचा परिणाम वजा करून. म्हणूनच जुन्या बोलक्या यंत्रांसाठी सुटे वर्ण कापून जोडले की ते चालत नसे. एका ध्वनीच्या मध्यापासून पुढच्या ध्वनीच्या मध्यापर्यंत असे तुकडे कापावे लागत, म्हणजे सांधा शाबूत राहील.

याचा अर्थ असा, की प्रत्येक संभाषणात अर्धं काम कान करतो. ङॉ म्हणणाऱ्याचंही करतो, ऑ म्हणणाऱ्याचंही. फरक इतकाच, की मोठ्या माणसासाठी हे काम आपण न सांगता करतो. साहेबांचं इंग्रजी कळलं नाही तर आपण कान टवकारतो. वॉचमनचं मराठी कळलं नाही तर त्याला नीट बोलायला सांगतो. हाँगकाँगच्या तरुण मुलीचा लेइ आणि माझ्या मित्राचा पानी समोरच्याला कळत नव्हता, असं कधीच झालं नाही. कळून झाल्यावरच हसणं आलं. इथे कुणी काम टाळलं असेल, तर ते जिभेनं टाळलेलं नाही.

आमच्या तक्त्यात शेवटी 'चूक' ऐवजी दोन रकाने झाले: 'कोणता उच्चार केला' आणि 'शब्द कळला का'. यावर मीटिंगमध्ये तासभर वाद झाला. सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्याला कडक गुणच हवे असतात, तिथे दयाबुद्धी त्याच्या काय कामाची, असा एका सहकाऱ्याचा मुद्दा होता, आणि तो बरोबर होता. म्हणून आता ॲप सुरुवातीलाच विचारतं, तुम्हाला हे कुणाशी बोलायचंय? परीक्षकाशी म्हणाल तर ९७ ची कसोटी. शेजाऱ्याशी म्हणाल तर शब्द कळला की पुरे. हे काही फार मोठं नाही. यंत्र अजूनही माणसांना गुण देतंच, आणि ते गुण देणारी आम्ही काही मंडळी कुठल्या तरी घड्याळाचे काटे कुठे तरी थांबवतोच.

ती हाँगकाँगची मुलगी अजून खुणा करते. परवा तिनं पाठवलेल्या यादीत 'मी' या शब्दापुढे तिच्या स्वतःच्या आवाजातलं एक मुद्रण होतं. ङ नव्हता. आलेखावर सूर खालून निघून वर चढत होता, अगदी कोशात सांगितलाय तसा.